जुन्या खेळफळीची निगा

श्रोतेहो, दसरा उलटला आणि दिवाळी पंधरा-वीस दिवसांवर येऊन ठेपली म्हणजे घरोघरी साफसफाईची एकच धांदल उडते. माळ्यावरचे सामान खाली उतरते, पेट्या उघडल्या जातात, आणि वर्षभर ज्यांची कुणी विचारपूसही केलेली नसते अशा वस्तू ओसरीवर येऊन बसतात. त्यांपैकी काही वाळवीने गेलेल्या असतात, काही कसरीने. परंतु ज्या ह्या दोन्ही शत्रूंच्या तडाख्यातून सुटलेल्या असतात, त्यांचा नाश पुष्कळदा त्याच दिवशी, त्याच ओसरीवर आणि अत्यंत शुद्ध हेतूने होतो. तो करणारे हत्यार म्हणजे ओले फडके होय.

नाशिकच्या गंगापूर रोडवरील एखाद्या घराची कल्पना करावी. शहरातून निघून गोदावरीच्या कडेकडेने सोमेश्वराकडे व तेथून पुढे गंगापूर धरणाकडे जाणारा हा रस्ता. एकेकाळी त्याच्या बाजूला मळे होते, आज तेथे उंच इमारती आहेत. त्या इमारतींच्या मधे अजून टिकून राहिलेल्या एका जुन्या घराच्या माळ्यावरून दिवाळीच्या सफाईत एक लाकडी फळी खाली येते. तिचे वरचे टोक अर्धगोल आहे. तिच्यावर खिळ्यांची वर्तुळे ठोकलेली आहेत, मधूनमधून उथळ खळगे आहेत, आणि प्रत्येक खळग्याशी लाल रंगात आकडा काढलेला आहे. हे बॅगाटेल. गोटी एका बाजूने वर सोडावी, ती खिळ्यांवर आपटत खाली यावी आणि ज्या खळग्यात विसावेल तेवढे गुण मिळावेत, एवढाच हा खेळ. फळी बाजारातून आलेली नाही. घरातील आजोबांच्या वडिलांनी ती सुताराकडून कापून घेतली, खिळे स्वतः ठोकले आणि आकडे स्वतःच्या हाताने रंगविले.

सूनबाई सोड्याच्या पाण्यात फडके बुचकळतात, पिळतात आणि फळीवरून एक हात फिरवितात. फडके लाल होते.

"बाबा, अहो, हिचा रंगच सुटतोय!"

"थांब, पुसू नकोस. राहू दे तशीच."

तोवर नातवाचे लक्ष गेलेलेच असते. "आजोबा, शंभराचा आकडा गेला!"

गेलेला आकडा परत येत नाही. परंतु उरलेले आकडे कसे वाचवावेत, हा प्रश्न मात्र अगदी खरा आहे, आणि तो ह्या एका घरापुरता नाही. ज्या घरी जुना कॅरमबोर्ड, सोंगट्यांचा पट, लाखेचे काम केलेला पाट किंवा रंगविलेली खेळणी आहेत, त्या प्रत्येक घराचा तो प्रश्न आहे. म्हणून खेळाच्या रंगीत फळीची सफाई आणि डागडुजी कशी करावी, ह्याचा थोडा विचार करणे उचित होईल.

प्रथम ह्या फळीचे कूळ पाहावे. बॅगाटेलचा खेळ अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समध्ये लोकप्रिय झाला. 1871 साली माँटेग्यू रेडग्रेव्ह नावाच्या कारागिराने अमेरिकेतील सिनसिनाटी येथे गोटी वर उडविण्यासाठी स्प्रिंगचा दट्ट्या बसविण्याचे पेटंट घेतले. 1931 साली डेव्हिड गॉटलीब ह्याचे 'बॅफल बॉल' हे नाणे टाकून खेळावयाचे यंत्र शिकागोत निघाले आणि मंदीच्या त्या काळात त्याचा अफाट खप झाला. 1947 साली 'हम्प्टी डम्प्टी' ह्या यंत्रात खेळणाऱ्याच्या हाती गोळी परतविणारे पंख आले, आणि निव्वळ दैवाच्या खेळात कौशल्याने आपले स्थान मिळविले. ह्यालाच पिनबॉल म्हणतात. न्यूयॉर्क शहराने 1942 साली ह्या खेळाला जुगार ठरवून त्यावर बंदी घातली, यंत्रे हातोड्यांनी फोडली, आणि ती बंदी 1976 साली उठविली. तात्पर्य, गंगापूर रोडवरील घरची फळी आणि शिकागोतील दिव्यांनी झगमगणारे यंत्र ही एकाच कुळातील भावंडे आहेत. दोहोंचे आजारही बव्हंशी एकच आहेत.

हे आजार समजण्यासाठी फळीचे थर समजले पाहिजेत. सर्वांत खाली लाकूड. पिनबॉलमध्ये ते सुमारे तेरा मिलिमीटर जाडीचे प्लायवुड असते. त्यावर रंग, घरगुती फळीवर तो कुंचल्याने दिलेला असतो, कारखान्यातील फळीवर रेशमी जाळीतून छापलेला असतो. आणि रंगावर एक पारदर्शक कवच. आपण पुसतो ते कवच, आणि वाचवावयाचा असतो तो रंग. कवच शाबूत असेल तोवर रंग सुरक्षित असतो. कवचाला चीर पडली की त्या चिरेतून घाम, धूळ आणि पाणी आत शिरते. लाकूड फुगते, रंगाची पकड सुटते, आणि मग साध्या फडक्यानेही आकडा उचलला जातो. आपल्या कथेतील शंभराचा आकडा फडक्याने गेला हे खरे. पण त्याच्या जाण्याची तयारी कित्येक पावसाळे चाललेली होती.

नाशिकची हवा ह्या बाबतीत मोठी परीक्षा पाहणारी आहे. पावसाळ्याचे चार महिने दमट, त्यानंतर कोरडी थंडी आणि मग कोरडा उन्हाळा. लाकूड दमट हवेत रेषांना आडवे फुगते आणि कोरड्या हवेत आकसते. रंगाला व कवचाला तेवढे ताणता येत नाही, म्हणून लाकडाच्या रेषांबरोबर बारीक भेगा पडतात. अशी फळी पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवणे म्हणजे तिला दर वर्षी फुगविणे व सुकविणे होय. तिची जागा घरातील आतल्या भिंतीशी, जमिनीपासून थोडी उंच, उन्हापासून दूर अशी असावी.

कवच कशाचे आहे हे ओळखणे ही सफाईची पहिली पायरी होय. आपल्याकडील जुन्या लाकडी वस्तूंवर बहुधा फ्रेंच पॉलिश असते. हे पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळविलेला चपडा. आणि चपडा म्हणजे पळस, कुसुम, बोर अशा झाडांवर राहणाऱ्या कीटकाची लाख. जे स्पिरिटमध्ये विरघळवून लावले, ते स्पिरिटने पुन्हा विरघळणारच. म्हणून फ्रेंच पॉलिशच्या फळीला स्पिरिट लावणे म्हणजे चोराच्या हाती किल्ली देणे आहे. अमेरिकेतील जुन्या पिनबॉल फळ्यांवर सेल्युलोजचे लॅकर असे. ते थिनरने विरघळते. 1990 च्या सुमारास काही कारखान्यांनी पॉलियुरेथेनचे कठीण कवच देण्यास आरंभ केला. ते पुष्कळ अधिक सोसते. तेव्हा 'अमक्याने त्याची फळी अमक्या द्रावणाने लखलखीत केली' ह्या ऐकीव माहितीवर कोणीही विसंबू नये. त्याची फळी निराळी, आपली निराळी.

आता प्रत्यक्ष कृतीचा क्रम पाहावा.

आरंभी फळीची चांगल्या उजेडात, वरून व तिरकस प्रकाशात, छायाचित्रे घ्यावीत. तिरकस प्रकाशात उचललेला रंग पापुद्र्यासारखा दिसतो. असा पापुद्रा कोठे दिसला तर तेथे सफाई करू नये. वस्तू मोलाची असेल तर ती जाणकाराला दाखवावी. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलावस्तूंच्या जतनाचे स्वतंत्र केंद्र आहे. लाकडाला बारीक छिद्रे आणि त्यांखाली पिठासारखा भुसा दिसला तर किडा जिवंत आहे असे समजून ती वस्तू इतर लाकडी सामानापासून वेगळी ठेवावी.

दुसरी पायरी कोरड्या सफाईची. मऊ केसांच्या रुंद कुंचल्याने धूळ एका दिशेने लोटावी. खिळ्यांच्या मुळाशी साचलेली धूळ बारीक कुंचल्याने सोडवावी. खिळे उपटू नयेत आणि हातोडीने आतही ठोकू नयेत. जुन्या लाकडातला खिळा हलला की त्याच्याभोवतीचा रंग प्रथम फुटतो. निम्म्याहून अधिक मळ ह्या कोरड्या सफाईनेच निघतो, आणि तेवढ्यावर समाधान मानण्याइतका संयम असेल तर फळीचे आयुष्य वाढते.

तिसरी पायरी चाचणीची. फळीच्या कडेला, सहसा दृष्टीस न पडणाऱ्या जागी, रुपयाएवढा तुकडा निवडावा. काडीला कापूस गुंडाळून तो शुद्ध केलेल्या पाण्यात बुडवावा आणि टिपकागदावर इतका टिपावा की तो जेमतेम दमट राहील. हा बोळा त्या जागेवरून घासू नये, लोळवावा. कापसावर करडा मळ आला तर ठीक. लाल, हिरवा असा रंग आला तर तत्क्षणी थांबावे. पाण्याने तेलकट मळ निघत नसेल तर मिनरल टर्पेंटाइनने तशीच चाचणी घ्यावी. ते लाखेच्या वा लॅकरच्या जुन्या कवचाला सहसा विरघळवीत नाही. चाचणीची जागा सुकल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहावी. चकाकी गेली किंवा पृष्ठभाग चिकट झाला, तर ते द्रावण आपल्या फळीला वर्ज्य समजावे.

चौथी पायरी सफाईची. वीतभर जागा घ्यावी, ती पुरती करावी, कोरडी करावी आणि मगच पुढे जावे. बोळा मळला की टाकून द्यावा. मळका बोळा म्हणजे खरकागदच होय. जेथे कवच झिजून लाकूड उघडे पडले आहे, तेथे ओलावा मुळीच नेऊ नये. उघडे लाकूड पाण्याबरोबर काळा मळ आत ओढून घेते, आणि तो पुढे कशानेही निघत नाही.

येथे काही गोष्टींचा निषेध स्पष्ट शब्दांत केला पाहिजे. धुण्याचा सोडा, भांड्यांची पूड, लिंबू व चिंच ही पितळेच्या भांड्यांसाठी ठीक आहेत, रंगाच्या फळीसाठी नव्हेत. रॉकेल चकाकी आणल्याचा भास देते आणि मागे तेलकट थर ठेवते. डाग उडविणारा म्हणून विकला जाणारा मेलामाइनचा पांढरा स्पंज मऊ लागतो, परंतु तो वस्तुतः अतिसूक्ष्म दाण्याचा खरकागद आहे. तो डागाबरोबर कवचही खातो. सिलिकोन असलेली फवाऱ्याची पॉलिशेही टाळावीत, कारण त्यांच्यावर पुढे कोणताही रंग धरत नाही.

आता शिकागोकडे वळावे. समजा, ह्याच घरातील धाकटा मुलगा त्या शहरात नोकरीस आहे आणि त्याने हौसेने एक जुने पिनबॉलचे यंत्र घेतले आहे. त्याला वडिलांच्या ह्या साऱ्या सूचना लागू आहेतच; शिवाय यंत्र विजेचे असल्यामुळे काही अधिक पथ्ये पाळावी लागतात. नुसते बटण बंद करून भागत नाही, भिंतीतील प्लगच काढावा लागतो. आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रांतील काही भागांत प्लग काढल्यानंतरही थोडा वेळ वीज साठून राहते. वरची काच काढल्यावर ती फरशीवर कडेने उभी करू नये, सतरंजीवर टेकवावी. कडक केलेली ही काच कडेवर आपटली तर तिचा चुरा होतो. फळी वर उचलण्यापूर्वी गोळ्या बाहेर काढाव्यात. सत्तावीस मिलिमीटर व्यासाची आणि सुमारे ऐंशी ग्रॅम वजनाची पोलादी गोळी घरंगळत आली तर वाटेतील प्लास्टिकचे भाग फोडल्यावाचून राहत नाही.

ह्या गोळीकडे विशेष लक्ष दिले पाहिजे, कारण पिनबॉलच्या फळीची खरी झीज तीच करते. गंजलेली किंवा खाचा पडलेली गोळी प्रत्येक फेरीत कवच खरवडते. तिच्या वाटेवर धूळ व काजळी भरून काळी वळणे उमटतात. कवच शाबूत असेल तर प्लास्टिकसाठी मिळणाऱ्या सौम्य पॉलिशने ती फिकी होतात. कवच गेले असेल तर ती लाकडात मुरलेली असतात आणि त्यांना तसेच राहू देणे श्रेयस्कर. गोळी मात्र नवी घ्यावी. जुन्या फळीवर जुनी गोळी ठेवण्यात निष्ठा नाही, हानी आहे.

फळीत बसविलेल्या रंगीत प्लास्टिकच्या खिडक्या दिव्यांच्या उष्णतेने व लाकडाच्या हालचालीने खाली-वर होतात आणि त्यांच्या कडांना रंग प्रथम झिजतो. जुन्या यंत्रांत 44 क्रमांकाचे दिवे असतात. त्यांच्याऐवजी 47 क्रमांकाचे लावले तर वीज कमी लागते आणि ऊबही कमी होते. फळीवर पूर्वी कोणी पारदर्शक पापुद्रा चिकटविलेला असेल तर तो उगाच ओढू नये. त्याच्या पाठीला चिकटून रंगच वर येतो. मुलाने यंत्र पुढे नाशिकला आणण्याचे मनात आणले, तर तेथील एकशेवीस व्होल्टचे यंत्र येथील दोनशे तीस व्होल्टवर थेट जोडता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे. मध्ये योग्य ट्रान्सफॉर्मर हवाच.

सफाई करणाऱ्याच्या स्वतःच्या सुरक्षिततेविषयी दोन शब्द. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाखांत नव्वद भागांपेक्षा अधिक नसावे असा नियम भारतात 2016 साली झाला व 1 नोव्हेंबर 2017 पासून अमलात आला. त्यापूर्वीच्या रंगांत, विशेषतः लाल, पिवळ्या व हिरव्या छटांत, शिसे असण्याचा संभव मोठा. म्हणून जुना रंग कोरडा घासून त्याची धूळ उडवू नये आणि ह्या कामाच्या वेळी लहान मुलांना जवळ बसवू नये. शिशाचा परिणाम त्यांच्या वाढत्या मेंदूवर होतो. टर्पेंटाइन ज्वालाग्राही आहे. ते वापरताना खिडक्या उघड्या असाव्यात आणि जवळ शेगडी, देवघरातील समई वा दिवाळीची पणती नसावी. भिजलेली फडकी घरात बोळा करून टाकू नयेत. ती बाहेर पसरून सुकवावीत. जवसाच्या तेलाची फडकी तर बोळा करून ठेवली असता आपोआप तापून पेट घेऊ शकतात.

सफाई झाली म्हणजे कार्नोबा मेणाचा अत्यंत पातळ हात द्यावा, पण तो शाबूत कवचावरच. ब्राझीलमधील एका ताडवृक्षाच्या पानांवरचे हे मेण कठीण असते. गोटी त्यावरून घसरते आणि झीज मेणाची होते, रंगाची होत नाही. कॅरमबोर्डाला मात्र मेण लावू नये; त्याला खेळ संपल्यावर कोरड्या मऊ फडक्याने पावडर पुसून घेणे एवढेच पुरे.

आता शेवटचा आणि सर्वांत अवघड प्रश्न: गेलेला आकडा पुन्हा रंगवावा काय? मोटारींवर मारावयाचे दोन भागांचे कठीण वार्निश देऊन जुन्या फळ्या आरशासारख्या करण्याची चाल आज पिनबॉलच्या शौकिनांत आहे. ते वार्निश टिकाऊ आहे खरे, परंतु त्याच्या फवाऱ्यातील आयसोसायनेटे श्वासावाटे घातक ठरतात, साधा मुखपट्टा त्यांना अडवीत नाही, आणि एकदा दिलेले वार्निश रंगाला धक्का न लावता काढता येत नाही. घरी करावयाचे हे काम नव्हे. जतनशास्त्राचा नियम ह्याच्या उलट आहे: जे केले ते पुढच्या पिढीला काढता आले पाहिजे. म्हणून जाणकार आधी एक विरघळणारे वार्निश देतात आणि गेलेल्या जागेपुरताच नवा रंग त्यावर भरतात, म्हणजे जुने व नवे कधी एकमेकांत मिसळत नाहीत.

सावंतवाडीच्या गंजिफांचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. दशावतारी गंजिफेची एकशेवीस गोल पाने हातांनी रंगविलेली व लाखेने झाकलेली असतात. ही कला लोपत चालली असता सावंतवाडीचे राजेसाहेब शिवरामराजे भोसले व राणीसाहेब सत्त्वशीलादेवी ह्यांनी ती राजवाड्यात नव्याने उभी केली. त्यांनी जुने संच रंगवून नवे केले नाहीत. कारागिरांकडून नवे संच घडविले. जुने जुन्याच्या जागी राहिले आणि हात मात्र चालू राहिले. जतन आणि नवनिर्मिती ह्या दोन गोष्टी वेगळ्या ठेवण्यातच दोहोंचे हित असते.

गंगापूर रोडवरील त्या घरातील आजोबांपुढेही हाच पेच पडावा. नातू रंगाची डबी घेऊन तयार असतो. "मी काढतो ना शंभर, अगदी तस्सेच!" तस्सेच निघणार नाही, हे आजोबा जाणतात. उरलेल्या आकड्यांतील सातला एक विशिष्ट गाठ आहे, पाचाची शेपूट थोडी लांबलेली आहे; ते वळण ज्या हाताचे होते तो हात आता नाही, आणि त्याचे दुसरे अक्षर घरात कदाचित उरलेलेही नसेल. पण शंभराच्या खळग्याला आकडाच नसेल तर मुले खेळणार कशी?

ह्याला उपाय साधा आहे. जाड कागदाची खळग्याएवढी चकती कापावी, तिच्यावर नातवाने आपल्या अक्षरात शंभर लिहावे, आणि ती डिंक न लावता खळग्यात नुसती ठेवावी. खेळ संपला की उचलावी. फळीवर पणजोबांचे अक्षर राहते, चकतीवर पणतवाचे. सूनबाईंनी टाकून द्यावयास काढलेले ते लाल झालेले फडकेही आजोबांनी कागदात गुंडाळून फळीच्या मागे ठेवले, तर त्यांना कोणी हसू नये. रंग कोणता होता हे पुढे कोणाला पाहावयाचे झाल्यास तेवढाच पुरावा शिल्लक आहे.

श्रोतेहो, दिवाळीत घर स्वच्छ झालेच पाहिजे. परंतु स्वच्छ करणे आणि नवे करणे ह्यांत अंतर आहे. मळ हा बाहेरून आलेला असतो, तो काढावा. झीज ही खेळलेल्या हातांची असते, ती ठेवावी. फडके भिजविण्यापूर्वी हा भेद करण्यास दोन मिनिटे लागतात, आणि माळ्यावरून आलेल्या वस्तूला तेवढी दोन मिनिटे देणे कोणत्याही गृहस्थाला जड जाऊ नये.